मशीनची सफाई आणि भैय्याजींची विचारपूस

संघाच्या कॉम्प्युटरच्या खोलीत त्या सकाळी दोन मशीनं, एक एअरकंडिशनर, तीन पंखे (त्यातला चालू एक), हार घातलेल्या चार तसबिरी, अकरा खुर्च्या, एकोणीस माणसं आणि एक नारळ होता. सुहासिनी मेश्रामने हे सगळं दोनदा मोजलं होतं. घाबरली की ती मोजायची. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत तिने परीक्षकांच्या कोटाची बटणं मोजली होती आणि पहिल्या वर्गात पास झाली होती.

एअरकंडिशनर मशीनसाठी होता. तो माणसांसाठी नाही, अशी पाटीही त्याच्याखाली होती. पण फेब्रुवारी संपत आला होता, नागपूरचं ऊन जागं होऊ लागलं होतं, आणि विज्ञानाविषयी अचानक उत्पन्न झालेल्या जिज्ञासेमुळे एकोणीसच्या एकोणीस माणसं नेमकी त्या पाटीसमोर दाटीवाटीने उभी होती.

संघ संत्रा बागायतदारांचा होता. मृग बहाराची संत्री निघाली की नरखेडकडून पहाटे ट्रक यायचे. कोणाचा ट्रक दिल्लीला जायचा, कोणाचा कलकत्त्याला, कोणाचा मद्रासला, हे संघ ठरवायचा, म्हणजे चांगल्या भावाचा बाजार एकट्याच्याच वाट्याला येऊ नये. हे ठरवण्यावरून पूर्वी मारामाऱ्या व्हायच्या. मग संघाने एका बंद पडलेल्या गिरणीतून मोडीत निघालेलं मशीन आणलं आणि तेव्हापासून मारामाऱ्या मशीनच्या नावाने होऊ लागल्या. ती प्रगती होती.

जुन्या मशीनचा प्रोग्राम वामनराव ठेंगडी यांनी लिहिला होता, थेट मशीनच्या भाषेत. कुठला आकडा मेमरीच्या कुठल्या घरात ठेवायचा आणि तिथून कधी हाकलायचा, हे सगळं त्यांनी हाताने ठरवलं होतं. हजार-बाराशे ओळींच्या त्या प्रोग्राममध्ये खुलासा म्हणून एकच ओळ होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी ओळ: "हात लावू नये." कशाला, ते लिहिलेलं नव्हतं. वामनराव निवृत्त झाले होते आणि आता त्यांनाही आठवत नव्हतं.

पण ते मशीन तीन सेकंदांत चिठ्ठी द्यायचं. सुहासिनीने कामावर लागल्या लागल्या घड्याळ लावून मोजलं होतं. एवढंच नव्हे, बागायतदार खोलीत शिरल्यापासून चिठ्ठी घेऊन बाहेर पडेपर्यंतचा वेळही तिने मोजला होता. तो सहा मिनिटं पाच सेकंद भरला होता.

"तीन सेकंदच लिवा, मॅडम," मॅनेजर मारोतराव म्हणाले होते. "बाकीचं मोजाले तुमाले कोन सांगतलं?"

जुन्या मशीनचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा मुंबईच्या एका कंपनीचा रविंद्र नावाचा विक्रेता नवीन कॉम्प्युटर घेऊन आला. त्याने संघाचे अध्यक्ष भैय्याजी देशमुख यांना नव्या भाषेचा महिमा सांगितला. "सर, ह्या भाषेत प्रोग्रामरने मेमरीची काळजीच करायची नाही. काय कुठे ठेवायचं, कधी फेकायचं, सगळं मशीन बघतं. आपला कचरा आपण उचलतं."

भैय्याजींनी दाराशी बसलेल्या गोविंदा शिपायाकडे पाहिलं. मग खोलीच्या कोपऱ्यातल्या, पाव इंच धूळ बसलेल्या टेबलाकडे पाहिलं. आणि सौदा तिथेच पक्का झाला.

कॉम्प्युटर पंधरा दिवसांच्या बोलीवर आला होता. पसंत पडला नाही तर परत. सुहासिनीही जवळपास त्याच बोलीवर होती. तिची सहा महिन्यांची कच्ची नोकरी उद्घाटनाच्या आठवड्यातल्या शनिवारी संपत होती आणि कार्यकारी मंडळाने ठराव सोपा केला होता: मशीन राहिलं तर बाई कायम, मशीन गेलं तर बाईही. या नोकरीसाठी तिने उमरेडच्या शाळेतली विज्ञान शिक्षिकेची जागा नाकारली होती. शाळेने ती जागा अजून भरली नव्हती, हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिच्या आईला, अंजनाबाईंना, कळू नये म्हणून ती जपत होती. आईने अर्ध्या सक्करदऱ्याला सांगून टाकलं होतं की पोरगी कॉम्प्युटर चालवते.

तिने वामनरावांचा प्रोग्राम नव्या भाषेत उतरवला. वीस सभासद घालून चाचणी घेतली. दोन सेकंदांत चिठ्ठी. जुन्यापेक्षाही एक सेकंद कमी. ती इतकी खूश झाली की तिने ते भैय्याजींना दाखवलं, आणि इथे तिची चूक झाली.

"चिठ्ठीवर नुसता नंबर काहून?" भैय्याजींनी विचारलं.

"जुन्या मशीनवर नंबरच येत होता, साहेब. सभासद क्रमांक."

"ते मशीन अडाणी होतं. हे शिकलेलं हाय ना? मंग नाव आलं पाहिजे. अन् नुसतं नाव नाही, मानानं आलं पाहिजे. श्री लावा. मागून जी लावा. पाटील असन त्याले पाटील, गुरुजी असन त्याले गुरुजी. आपला मानूस चिठ्ठी घेऊन दिल्लीले जाते. तिथल्या दलालाले समजलं पाहिजे का कोन आला."

"आणि नाव मधोमध पाहिजे," मारोतराव म्हणाले. "लग्नपत्रिकेवानी."

मारोतरावांनी मानाची यादी केली. सभासद सहाशे बारा. त्यात नुसते पाटील होते, मालगुजारांचे नातू होते, निवृत्त हेडमास्तर होते, सरपंच होते, माजी सरपंच होते, आणि सरपंचपदाला थोडक्यात पडलेले होते, ज्यांच्यासाठी मारोतरावांनी 'सामाजिक कार्यकर्ते' असा शब्द काढला. विनापदवीचा सभासद शोधून सापडला नाही. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून हा सगळा मान इंग्रजी अक्षरांत भरावा लागला. भरून झाला तेव्हा मशीनच्या मेमरीत काम करायला चिमूटभर जागा उरली.

मधोमध छापायचं तर नाव आधी जोडून घ्यावं लागे. श्री आणि नाव जोडलं की एक नवी पट्टी तयार व्हायची आणि आधीची कचऱ्यात जायची. त्याला जी जोडलं की आणखी एक. मग पदवी, वडील, आडनाव, गाव. माणूस जितका मोठा, तितका कचरा जास्त. वीस जणांच्या चाचणीत हे कळायचं काही कारण नव्हतं.

तर, त्या सोमवारी सकाळी सात वाजता नारळ फुटला. बाहेर एकतीस ट्रक उभे होते. ऊन चढायच्या आत, म्हणजे साडेदहापर्यंत, ते सुटायला हवे होते. नंतर संत्रं ताडपत्रीखाली शिजतं. भैय्याजींच्या हुकमावरून पडदा बागायतदारांकडे तोंड करून ठेवला होता, जेणेकरून आपलं नाव उमटताना त्यांना पाहता यावं. त्यामुळे सुहासिनी बाजूला बसून मान वाकडी करून टाइप करत होती.

पहिला मान चंद्रभान पाटलांचा. ते नरखेडकडचे, धोतर कडक इस्त्रीचं, पाठीमागे दोन पुतणे. सुहासिनीने त्यांचा क्रमांक दाबला. पडद्यावर SHRI उमटलं. मग CHANDRABHANJI. प्रत्येक शब्द जोडला गेला की नाव थोडं डावीकडे सरकून मधोमध बसायचं. लोकांनी "वा!" म्हटलं. मग MAJI उमटलं.

आणि मशीन थांबलं.

खोलीत एकोणीस माणसं पडद्याकडे पाहत उभी राहिली. उद्घाटन असल्यामुळे गप्पा मारणं शोभलं नसतं. मिनिटभर गेलं.

"माजी काय?" चंद्रभान पाटलांनी हळूच विचारलं. "मी माजी काय हाय?"

"सरपंच येणार आहे पुढे," सुहासिनी म्हणाली.

"कवा?"

"येईल. मशीन सफाई करून राहिली."

"सफाई?" गोविंदा दारातून म्हणाला. "ते माझं काम हाय बाई. मशीन काहून करून राहिली?"

"आतली सफाई, गोविंदाभाऊ. मेमरी भरली की काम थांबवून आधी कचरा काढते."

"किती टाइम लागते तिले?"

"तीन-चार मिनिटं."

"चार मिनिटात मी अख्खी खोली झाडतो," गोविंदा म्हणाला. हे गेल्या अनेक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं, पण वादाची ती वेळ नव्हती. चंद्रभान पाटलांचा चेहरा पडद्यावरच्या शब्दाकडे बघून बघून पांढरा पडत चालला होता. नुसतं माजी होऊन इतका वेळ उभं राहण्याची त्यांना सवय नव्हती.

"माझ्या प्रोग्रामात कचराच होत नव्हता," पाहुण्यांच्या खुर्चीतून वामनराव म्हणाले. "जो कचरा करतच नाही, त्याला झाडू कशाला लागतो?"

मारोतरावांना हे सहन झालं नाही. मशीन अडलं तर काय करायचं, हे त्यांना जुन्या मशीनमुळे पक्कं माहीत होतं. ते पुढे झाले आणि सुहासिनी "नका नका" म्हणेपर्यंत त्यांनी बटण बंद करून पुन्हा चालू केलं.

सफाई संपायला, तिच्या हिशेबाने, वीसेक सेकंद उरले होते. आता सहाशे बारा सभासद, त्यांच्या पदव्यांसकट, फ्लॉपीवरून पुन्हा आत घ्यायचे होते. नऊ मिनिटं. पण नऊ मिनिटांवर भागलं नाही.

"मशीन नव्यानं सुरू झाली ना?" भैय्याजींनी विचारलं. "मंग नारळ?"

"आत्ताच फोडला ना, साहेब," सुहासिनी म्हणाली.

"तो आधीच्या सुरुवातीचा होता."

गोविंदा कॉटन मार्केटात नारळ आणायला गेला. परत आला तो एकच घेऊन आला. मशीन दुसऱ्यांदा अडलं आणि मारोतरावांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं, तेव्हा त्याला पुन्हा जावं लागलं. चौथ्या वेळी नारळवाल्याने त्याला विचारलं, संघात इतकं शुभ काय चाललंय. पाचव्या नारळाचं पाणी मशीनच्या कीबोर्डवर उडालं आणि त्यानंतर दुपारपर्यंत A दाबलं की AAAA उमटू लागलं. त्यामुळे एका सभासदाच्या गावाचं चुकलेलं नाव दुरुस्त करताना इतकं लांबलं की ते दिल्लीपर्यंत जाईल असं वाटलं. ट्रक मात्र दिल्लीला निघाला दुपारी दोनला.

संध्याकाळी भैय्याजींनी तिला बोलावलं. त्यांच्या खोलीत संत्र्यांचा गरम वास भरला होता. "हे पाहा सुहासिनीबाई," ते म्हणाले, "मले कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही. पन एकतीस ट्रक साडेदहाच्या आत सुटले पाहिजे, एवढं समजते. शनिवारपर्यंत पाहा. नाही तर मुंबईवाल्याले सांगतो, घेऊन जा तुहं मशीन."

तिला घेऊन जाणार कोणी नव्हतं. तिला फक्त उमरेडची बस होती.

मंगळवारी तिने शास्त्रीय मार्ग धरला. रोग मानाचा होता, तर मान काढून टाकायचा. श्री गेलं, जी गेलं, पाटील, गुरुजी, सामाजिक कार्यकर्ते, सगळे गेले. मेमरीत एकदम मैदान मोकळं झालं. पहिली चिठ्ठी दोन सेकंदांत बाहेर पडली.

ती रुपराव पाटील ढोक यांची होती. रुपरावांनी चिठ्ठी वाचली, उलटून मागे पाहिलं, पुन्हा वाचली.

"हे काय होय?" ते म्हणाले. "RUPRAO DHOK. मी का पोलीस ठाण्यात आलो काय?"

"रुपरावकाका, मशीन लवकर चालावं म्हणून..."

"काल चंद्रभानले श्री भेटलं, जी भेटलं, पाटील भेटलं, माजी सरपंच भेटलं. त्याले पाडून मी सरपंच झालो. मी आज हाय अन् तो कालचा! अन् मले काय भेटलं? नुसता रुपराव? माही बायको बी मले नुसता रुपराव नाही म्हनत!"

"पण काका, काल त्यांचा ट्रक दोन वाजता सुटला. तुमचा आत्ता सुटतो."

"सुटत नाही," रुपराव म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "चिठ्ठी घेत नाही मी. मानानं देत असान तर घेतो."

त्यांच्या मागच्यांनीही चिठ्ठ्या घ्यायचं नाकारलं. त्या दिवशी मशीनने एकतीस चिठ्ठ्या एकूण एका मिनिटात छापल्या, त्या सगळ्या टेबलावर पडून राहिल्या आणि त्यांच्याभोवती दुपारपर्यंत भांडण चाललं. मारोतराव एअरकंडिशनरसमोर उभं राहून म्हणत होते, "पाहा मॅडम, आता मशीन थांबत नाही. मानसं थांबून राहिली."

शेवटी भैय्याजींनी सगळ्यांचा मान परत द्यायचा हुकूम केला. सुहासिनीने रात्री उशिरा झोपण्यापूर्वी आईला सांगितलं, "मशीन अजून शिकतंय."

"अन् तू?" अंजनाबाई म्हणाल्या. "शनिवारी कायम होनार ना वं?"

बुधवारी सकाळी पुन्हा सहाशे बारा मान मशीनच्या डोक्यावर बसले होते. उद्घाटनाचे पाहुणे आता नव्हते. वामनराव तेवढे येऊन बसले होते. घरापेक्षा इथे थंड होतं. पहिलेच रुपराव आले, आपलं नाव तपासायला. आजही फुगलेलेच. पडद्यावर SHRI RUPRAOJI उमटलं आणि मशीन थांबलं. सुहासिनीने घड्याळाकडे पाहिलं.

पण रुपराव पडद्याकडे पाहतच नव्हते. कालचं मिटवायला भैय्याजी स्वतः खोलीत आले होते.

"राम राम रुपराव. बसा ना गा. कसं काय?"

"काय कसं राहते भैय्याजी, चाललं."

"काल गरम झाले होते म्हनते तुमी."

"होनार नाही तं काय! जाऊ द्या. तुमचं बीपी कसं हाय?"

"हाय जरा. विहिरीले पानी हाय का औंदा?"

"दोन पुरुष खोल हाय. मोटर जळली ना मधात."

"अरे! कोनती मोटर? शामलाच्या लग्नाच्या वक्ती घेतली ते?"

मोटर निघाली, तशी शामला निघाली. शामला निघाली तसा जावई निघाला, जावयाची बदली निघाली, बदली चंद्रपूरला झाली म्हणून तिथला उन्हाळा निघाला. दरम्यान मशीनने सफाई संपवली, राहिलेलं नाव जोडलं, मधोमध बसवलं आणि कलकत्त्याची चिठ्ठी छापून टाकली. ती चिठ्ठी प्रिंटरमध्ये लोंबकळत होती. भैय्याजी तेव्हा रुपरावांच्या आईच्या मोतीबिंदूपर्यंत आले होते. मग रुपरावांनी चिठ्ठी उचलली, पूर्ण नाव वाचलं, आणि त्यांच्या मिशा सरळ झाल्या.

"फास्ट हाय बाप्पा मशीन," ते म्हणाले. "बोलता बोलता आली."

सुहासिनीने हातातलं घड्याळ पाहिलं. सफाई तीन मिनिटं चाळीस सेकंद. विचारपूस सहा मिनिटं दहा सेकंद. तिने पुढच्या तीन ट्रकांना पुन्हा मोजलं. भैय्याजींना वीस वर्षांपासून निवडून येण्याची सवय होती आणि त्यांच्या विचारपुशीत कधी फारसा फरक पडत नसे. विहीर, पोरगी, जावई, दुखणं. तेवढ्यात एखादा ट्रकचं इंजिन खोलून पुन्हा बसवू शकला असता.

सोमवारी हे दिसलं नव्हतं, कारण सोमवारी सगळे मशीनकडे पाहत उभे होते.

दुपारी तिने प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. कचरा मशीनच्या मनात येईल तेव्हा उचलायचा नाही. माणूस खोलीत शिरला, त्याचा क्रमांक दाबला की आधी सफाई, मग नाव. आणि सफाई चालू असताना पडदा रिकामा राहू नये म्हणून तिथे एक ओळ: NAMASKAR. KASE AHAT?

गुरुवारी ती ओळ पाहून चंद्रभान पाटलांनी पडद्याला हात जोडले. "बरा हाय," ते म्हणाले. मग भैय्याजींकडे वळून म्हणाले, "मशीनले तुमची सवय लागली, भैय्याजी."

"संस्कार म्हनतात त्याले," भैय्याजी म्हणाले आणि विहिरीकडे वळले.

गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी एकतीस ट्रक, प्रत्येकी सगळ्या मानासकट, सात ते सव्वादहाच्या दरम्यान सुटले. जुन्या मशीनच्या काळातही तेवढाच वेळ लागायचा, हे कोणालाच आठवलं नाही. सुहासिनीला आठवलं, पण तिला कोणी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी कार्यकारी मंडळ बसलं.

"तीन दिवसात मशीन एकदाबी थांबली नाही," मारोतराव म्हणाले. "मीच सोमवारी बटन दाबून दाबून रस्त्यावर आनली तिले."

वामनरावांनी चष्म्यावरून सुहासिनीकडे पाहिलं. "कचरा कुठे गेला?"

"कुठे गेला नाही, काका," सुहासिनी म्हणाली. "मशीन रोज एकतीस वेळा थांबतं. पावणेचार मिनिटं. तेव्हा साहेब बोलत असतात."

हे तिने खरं आणि स्पष्ट सांगितलं होतं. पण भैय्याजी तेव्हा एका संचालकाला त्यांच्या गुडघ्याविषयी विचारत होते, दुसऱ्याने जावयाचा विषय काढला होता, आणि ते सगळं आटोपेपर्यंत ठराव मंजूर झाला होता. मशीन राहिलं. सुहासिनी मेश्राम कायम झाली. अंजनाबाईंनी उरलेल्या अर्ध्या सक्करदऱ्यात पेढे वाटले. उमरेडच्या शाळेने जागा भरली.

मशीनच्या कीर्तीने भैय्याजींचा उत्साह इतका वाढला की आंबिया बहाराच्या आधी त्यांनी रविंद्रला पुन्हा बोलावलं. रविंद्रने आणखी नवं, आणखी महाग मशीन आणलं. त्याची मेमरी दहा पट होती आणि सफाई अकरा सेकंदांत आटपायची. उद्घाटनाला एकच नारळ लागला. प्रत्येक बागायतदार आला की भैय्याजी त्याची विहीर, पोरगी, जावई आणि दुखणं विचारायचे, आणि मग त्याला हाताला धरून पडद्यापाशी नेऊन हे नवं मशीन किती फास्ट आहे ते समजावून सांगायचे.

सुहासिनीने तीन दिवस घड्याळ लावून मोजलं, आणि माणूस आत शिरल्यापासून चिठ्ठी घेऊन बाहेर पडेपर्यंतची सरासरी काढून जुन्या आकड्यांखाली लिहिली.

वामनरावांचं मशीन: सहा मिनिटं पाच सेकंद.

पहिलं नवं मशीन: सहा मिनिटं दहा सेकंद.

दुसरं नवं मशीन: सात मिनिटं चाळीस सेकंद.